टॉमस लिंकन : एका वसाहतकर्त्या पूर्वजाचा कागदोपत्रीं मागोवा

जुन्या घराण्यांचे कागद चाळणाऱ्यास एक अनुभव हटकून येतो. घरांतील कैफियतींत मूळपुरुष मोठा पराक्रमी व दैवी कृपेचा धनी असतो, आणि त्याच गांवच्या कुळकर्ण्याच्या दप्तरांत तोच पुरुष सारा थकविणारा एक सामान्य कुळंबी म्हणून उभा असतो. अशा वेळीं कैफियत बाजूस ठेवून दप्तर मानावें हें आतां आपल्याकडे सर्वमान्य झालें आहे. परंतु याच्या उलट प्रकारहि घडतो. लोकांच्या तोंडची हकीकत पूर्वजास निकम्मा ठरविते आणि कचेरींतील धुळीने भरलेले कागद त्याची अब्रू राखतात. हा दुसरा प्रकार विरळा असल्यामुळें त्याचें एक उदाहरण येथें सविस्तर देतों. तें आपल्या मुलखांतील नाहीं. तथापि त्यांतील साधनें, म्हणजे करयाद्या, मोजणीचीं पत्रकें, खरेदीखतें, दुकानदाराच्या वह्या, कज्जेदलाली व खानेसुमारी, हीं आपल्या संग्राहकांच्या नित्य परिचयाचींच आहेत.

हा पुरुष म्हणजे टॉमस लिंकन. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे १६ वे अध्यक्ष अब्राहाम लिंकन (१८०९-१८६५) यांचा हा बाप. पुत्राचा १८६५ सालीं खून झाल्यावर त्यांचे वकिलींतील भागीदार विल्यम हर्नडन यांनीं जुन्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आठवणी गोळा केल्या व त्यांच्या आधारें १८८९ सालीं चरित्र छापलें. त्या आठवणींतील टॉमस आळशी, धरसोडीचा, कोठेंच बूड न टेकणारा असा आहे. त्याच्या जोडीला एक वाईट कुजबूज होती. टॉमस व नॅन्सी हँक्स यांचें लग्न झालेंच नव्हतें, आणि अब्राहाम हा टॉमसचा मुलगाच नव्हे, असें लोक उघड बोलूं लागले होते. पुत्रानेंहि बापाचें फारसें कौतुक केलेलें नाहीं. १८६० सालीं निवडणुकीकरितां लिहून दिलेल्या आत्मवृत्तांत बापास शिक्षण मुळींच मिळालें नाहीं व त्याला कशीबशी सही करतां येत असे, इतकेंच तो सांगतो. म्हणजे बखर आणि घरचा साक्षीदार दोघेहि विरुद्ध. मग उरले कागद.

प्रथम खानेसुमारीचे कागद घेऊं, कारण पूर्वज शोधणारा अमेरिकन मनुष्य प्रथम तिकडेच धांवतो. त्या देशांत १७९० पासून दर दहा वर्षांनीं खानेसुमारी होते, व तिचे मूळ तक्ते, जे जळाले किंवा गहाळ झाले ते सोडून, जतन केलेले आहेत. आपल्याकडील शिरगणती १८७२ पासूनची. पण तिचे घरोघरचे कागद ठेवले गेले नाहींत, नुसते आंकड्यांचे गोषवारे छापले गेले, म्हणून आपल्या संशोधकास तो दरवाजा बंदच आहे. तेव्हां तिकडील मनुष्याचा हेवा वाटावा हें साहजिक आहे. परंतु टॉमसच्या बाबतींत हा हेवा फार वेळ टिकत नाहीं. १७९० व १८०० या दोन्ही सालांचे केंटकीचे तक्ते नाहींसे झालेले आहेत, आणि टॉमसचें बाळपण व तारुण्य नेमकें त्याच काळांतील व त्याच प्रांतांतील. शिवाय १८४० पर्यंतच्या खानेसुमारींत नांव फक्त कुटुंबप्रमुखाचें; बाकीचीं माणसें वयोमानाच्या रकान्यांत आंकडे होऊन बसतात. १८१० च्या तक्त्यांत हार्डिन परगण्यांत टॉमसचें नांव सांपडतें. (तेथील 'काउंटी' नामक विभागास येथें परगणा म्हटलें आहे.) पुढें जगप्रसिद्ध झालेला त्याचा मुलगा त्या वेळीं दीड वर्षाचा होता व 'दहा वर्षांखालील पुरुष' या रकान्यांत त्याची गणना व्हावयाची. १८२० सालीं इंडियाना प्रांतांतील स्पेन्सर परगण्यांत तो अकरा वर्षांचा; म्हणजे 'दहापासून सोळापर्यंत' या रकान्यांत मिसळून गेलेला. माणसाचें नांव, वय, धंदा व जन्मप्रांत सांगणारी खानेसुमारी १८५० ची, आणि ती देखील फक्त स्वतंत्र माणसांपुरती. गुलामांच्या वेगळ्या यादींत मालकाचें नांव लिहून त्याखालीं वय, वर्ण इतकेंच नोंदलें आहे. त्या लोकांच्या वंशजांना आपला पूर्वज शोधतांना काय कष्ट पडत असतील याची कल्पना करावी.

सारांश, टॉमसचें चरित्र खानेसुमारीवरून लिहावयाचें म्हटल्यास तें चार ओळींत आटोपतें. त्याचा खरा माग परगण्यांच्या कचेऱ्यांत लागला. १९२६ सालीं लुई वॉरेन या गृहस्थांनीं केंटकीतील परगण्यांचीं दप्तरें एक एक करून तपासून टॉमसविषयींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यापूर्वीं १९०९ सालीं ली व हचिन्सन यांनीं लिंकन घराण्याची वंशावळ साधार मांडलीच होती. तिच्यावरून मूळपुरुष सॅम्युएल लिंकन हा १६३७ सालीं इंग्लंडांतील नॉरफॉकहून मॅसॅच्युसेट्समध्यें आला व हिंगम या गांवीं स्थायिक झाला हें निश्चित झालें. खुद्द अब्राहाम लिंकनला आजोबापलीकडे कांहीं सांगतां येत नसे. १८४८ सालीं हिंगमच्या एका लिंकन आडनांवाच्या गृहस्थाशीं त्याचा पत्रव्यवहार झाला, तेव्हां अब्राहाम, मॉर्डेकाय हीं नांवें दोन्ही शाखांत वारंवार येतात हें त्याच्या ध्यानांत आलें, पण दुवा जुळला नाहीं. आजोबाचें नांव नातवास ठेवण्याची चाल आपल्या अंगवळणीं पडलेली असल्यामुळें नुसत्या नांवांच्या पुनरावृत्तीचें मोल किती व तिच्यांतील धोका किती हें आपल्या वाचकांस सांगणें नलगे. धोका येथेंहि होताच. टॉमसचा सख्खा चुलता टॉमस लिंकन याच नांवाचा असून तो त्याच केंटकींत, फायेट परगण्यांत, राहत होता, आणि बायकोशीं झालेल्या कज्जामुळें त्याचेंहि नांव कोर्टाच्या दप्तरांत आहे. परगणा न पाहतां नांवावर भिस्त ठेवणारा येथें हमखास फसावयाचा.

आतां आजोबाकडे वळूं. कॅप्टन अब्राहाम लिंकन हा व्हर्जिनियांतील रॉकिंगम परगण्यांतून डोंगर ओलांडून केंटकींत आला. तो शेतांत काम करीत असतां तेथील मूळ रहिवाशांपैकीं एकानें त्यास गोळी घालून ठार केलें. थोरला मुलगा मॉर्डेकाय यानें घरांतून नेम धरून हल्लेखोरास मारलें व लहानग्या टॉमसचा जीव वांचविला. ही गोष्ट लिंकन घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगत, आणि ती खरी दिसते. ती जमीन ज्यांच्या शिकारीच्या राखेंतली होती त्यांची बाजू मात्र कोणत्याहि दप्तरांत नाहीं, हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे. वाद आहे तो सालाचा. नातू १७८४ च्या सुमाराचा काळ धरतो. परंतु जेफरसन परगण्यांतील लाँग रन या ओढ्यावरील ४०० एकर जमिनीचें मोजणीपत्रक उपलब्ध असून त्यावर ७ मे १७८५ ही तारीख आहे. त्यांत धन्याचें नांव 'लिंकहॉर्न' असें कानाला ऐकूं आलें तसें लिहिलेलें आहे, आणि मोजणीच्या वेळीं झाडांवर खुणा करणारा म्हणून नांव आहे तें स्वतः अब्राहामचेंच. मेलेला मनुष्य झाडांवर खुणा करीत नाहीं. अर्थात् मृत्यु त्यानंतरचा, आणि इतर कागदांशीं मेळ घालून तो १७८६ चा मानला जातो. त्याच्या मालमत्तेची यादी नेल्सन परगण्याच्या दप्तरांत आहे.

दोन वर्षांच्या या फरकासाठीं इतकी शाई कां खर्चावी असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर व्हर्जिनियाच्या कायद्यांत आहे. केंटकी १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग होता. तेथें मृत्युपत्र नसल्यास सर्व जमीन थोरल्या मुलाकडे जाई. हा नियम मोडून सर्व मुलांस सारखा वांटा देणारा कायदा १७८५ सालीं मंजूर झाला. पण त्याचा अंमल १ जानेवारी १७८७ पासून सुरू झाला. बाप १७८६ त मेल्यामुळें सगळी जमीन मॉर्डेकायकडे गेली व धाकट्या टॉमसच्या वांट्यास कांहींच आलें नाहीं. तीच गोळी कांहीं महिन्यांनीं सुटती तर टॉमस जमीनदार म्हणून वाढला असता. पुत्राच्या आत्मवृत्तांत बाप पोरवयांत मजुरी करीत भटकत असे असें येतें. त्या भटकण्याचें कारण स्वभाव नसून वारसाचा कायदा होता.

टॉमसचें स्वतःचें नांव करयादींत १७९७ पासून दिसूं लागतें, व तेथें तो एकवीस वर्षांवरील पुरुषांत धरलेला आहे. घरांत मानलेली जन्मतिथि ६ जानेवारी १७७८ ही होती. ती खरी धरल्यास तो त्या सालीं एकोणीस वर्षांचा ठरतो व कर-अंमलदाराची नोंद चुकते. माझ्या मतें अंमलदारावर अधिक विश्वास ठेवावा, कारण दोन वर्षें अगोदर कराच्या यादींत जाण्यास कोणता तरुण राजी होईल? जन्म १७७६ च्या सुमाराचा मानणें हेंच सयुक्तिक दिसतें. पुढें तो कंबरलँड परगण्यांत कॉन्स्टेबल होता. हार्डिन परगण्यांत पंचांत बसला, आणि गुलामांवर नजर ठेवणाऱ्या गस्तींतहि त्यानें काम केलें. गुलामगिरी मोडणाऱ्या पुरुषाचा बाप एके काळीं या गस्तींत होता, ही नोंद चरित्रकारांस अडचणीची वाटली असेल. कागदास ती अडचण नसते.

सन १८०३ मध्यें त्यानें हार्डिन परगण्यांत मिल क्रीकवर २३८ एकर जमीन ११८ पौंडांस विकत घेतली. वारसा न मिळालेला, सुतारकी व मजुरी करणारा पंचविशींतला तरुण एवढी रक्कम मोजून देतो, हें एक खत हर्नडनच्या पांच-पंचवीस साक्षीदारांस पुरून उरतें. १८०६ च्या वसंतांत त्यानें एलिझाबेथटाउन येथील ब्लीकली व माँट्गोमेरी या व्यापाऱ्यांचा माल तराफ्यावरून थेट न्यू ऑर्लिन्सला पोहोंचविला. त्या दुकानाच्या खातेवहींत त्याचें खातें आहे. वहींतील जमाखर्चावरून तो देवघेवींत चोख दिसतो. आपल्याकडील सावकारी वह्या केवळ हिशेबाच्या म्हणून रद्दींत जातात, त्यांच्या मालकांनीं हें उदाहरण मनांत ठेवावें.

त्याच सालच्या जूनमध्यें लग्न झालें, आणि येथेंच या शोधांतील मुख्य गुंता होता. लग्नाची नोंद लोक हार्डिन परगण्यांत शोधीत होते, कारण संसार तेथें झाला. तेथील दप्तरांत सांपडली ती टॉमसच्या दुसऱ्या लग्नाची नोंद, २ डिसेंबर १८१९ ची, सेरा बुश जॉन्स्टन या विधवेशीं झालेल्या. पहिल्या लग्नाचा मागमूस नाहीं. यावरून निंदकांनीं अनुमान बांधलें तें वर सांगितलेंच आहे. १८७८ सालीं शेजारच्या वॉशिंग्टन परगण्याच्या कचेरींत कारकून बुकर यांस जुन्या कागदांत टॉमसचा १० जून १८०६ चा विवाहाचा जामीनकतबा सांपडला. त्यावर टॉमसची व रिचर्ड बेरी यांची सही आहे. जेसी हेड या धर्मोपदेशकानें आपण लावलेल्या लग्नांची यादी दाखल केली होती, तींत १२ जून ही लग्नाची तारीख आहे. लग्न वधूच्या परगण्यांत होतें, वराच्या नव्हे, एवढी साधी गोष्ट शोधकांस सुचली नव्हती. आपल्यापैकीं किती जण सासरच्या दप्तरांत माहेरची नोंद शोधीत बसतात! दुःखाची गोष्ट ही कीं, कतबा सांपडला तेव्हां ज्याच्या जन्मावर बोट ठेवलें गेलें तो पुत्र मरून तेरा वर्षें झालीं होतीं.

नॅन्सी हँक्सचें नांव सरकारी कागदांत येतें तें जवळजवळ या लग्नापुरतेंच. ती १८१८ च्या ऑक्टोबरांत इंडियानांत विषारी दुधाच्या रोगानें मेली. तिच्या स्वतःच्या आईबापांविषयीं इतके तर्क लढविले गेले कीं त्यांचीच एक लहान पेटी भरेल. कर नाहीं, जमीन नाहीं, पंचांत बसणें नाहीं. स्त्रीला दप्तरांत येण्यास वाटच नव्हती. लूसी हँक्स हीच तिची आई, या मतास २०१५ सालीं मातृवंशाच्या डीएनए-परीक्षेनें बळकटी आली. कागद जेथें थांबतो तेथें आतां हें नवें साधन पुढें होतें, याची नोंद आपणहि घ्यावयास हवी.

आतां जमिनींचा भाग. टॉमसवरील मुख्य आक्षेप म्हणजे तो एका जागीं टिकला नाहीं. खरेंच टिकला नाहीं, पण कां? केंटकींत सरकारनें जमीन मोजून मग वांटली नव्हती. ज्यानें त्यानें आपली सनद घेऊन यावें, अमुक झाडापासून तमुक ओढ्यापर्यंत अशी चतुःसीमा सांगावी व मोजून घ्यावी, असा प्रकार होता. एकाच जमिनीवर दोन दोन, तीन तीन सनदा कौलांप्रमाणें एकावर एक चढल्या. मिल क्रीकची जमीन मोजणींतील चुकीमुळें २३८ ची २०० एकर भरली व १८१४ त १०० पौंडांस विकावी लागली. १८०८ च्या डिसेंबरांत २०० डॉलर देऊन घेतलेली सिंकिंग स्प्रिंगची जागा, जेथें अब्राहाम जन्मला, ती पूर्वीच्या एका खरेदीदारानें मूळ मालकाचे पैसे चुकते न केल्यामुळें कज्जांत सांपडली आणि अखेर गेली. १८११ पासून तो नॉब क्रीकवर राहिला. तेथें फिलाडेल्फियांतील एका वारसमंडळीनें दहा हजार एकरांवर हक्क सांगून टॉमससह दहा कुळांवर घालवून देण्याच्या फिर्यादी ठोकल्या. तीन जागा व तिन्हींत मालकीहक्काचा घोळ! त्याच काळांत, १८१४ च्या त्याच्या भागांतील करयादींत, ९८ मालमत्ताधारकांमध्यें मालमत्तेच्या मानानें तो पंधरावा होता, आणि १८१६ त त्यास रस्त्याच्या एका टप्प्याचा देखरेख्या नेमलें होतें. आळशी, उनाड माणसास शेजारी असे काम सांगत नाहींत.

पुत्रानेंहि १८६० त लिहितांना केंटकी सोडण्याचें कारण कांहींसें गुलामगिरी, पण मुख्यतः जमिनीच्या हक्काची अडचण, असेंच दिलें आहे. येथें घरची साक्ष आणि कज्जांचें दप्तर एकमेकांस जुळतात, म्हणून तें विधान पक्कें धरावें. १८१६ च्या अखेरीस कुटुंब ओहायो नदी उतरून इंडियानांत गेलें. तेथें १७८५ च्या कायद्याप्रमाणें सर्व मुलूख आधीं चौरस तुकड्यांत मोजून मग विकला जात असे. ६४० एकरांचा एक विभाग व त्याचे चौथाई १६० एकर. १५ ऑक्टोबर १८१७ रोजीं टॉमसनें व्हिन्सेन्स येथील जमीनकचेरींत एका चौथाईची नोंद केली. दर एकरीं दोन डॉलर, पहिला भरणा १६ डॉलर व लौकरच आणखी ६४. पुढील हप्ते मात्र रखडले. १८२७ सालीं निम्मी जमीन सरकारास परत करून त्यानें उरलेल्या ८० एकरांचें कायम पत्र मिळविलें. त्याच्यावरील आळशीपणाचा आरोप खोडण्याच्या भरांत वॉरेन प्रभृति त्यास सुखवस्तु गृहस्थ बनवूं पाहतात, तें मला पटत नाहीं. ८० एकरांस दहा वर्षें लागलीं, ही गोष्टहि त्याच दप्तरांतली आहे. तो कष्टाळू, सचोटीचा व यथातथा चालणारा शेतकरी-सुतार होता, याहून अधिक कागद बोलत नाहींत.

सन १८३० मध्यें तो इलिनॉय प्रांतांत गेला व अखेर कोल्स परगण्यांत राहिला. १८५० च्या खानेसुमारींत, वय व जन्मप्रांत विचारणाऱ्या त्या पहिल्या खानेसुमारींत, तो त्याच परगण्यांत आहे. मुलगा स्प्रिंगफील्डच्या तक्त्यांत वकील म्हणून आहे. १७ जानेवारी १८५१ रोजीं टॉमस वारला. मुलगा शेवटच्या आजारांत भेटावयास गेला नाहीं, आणि त्याविषयींचें त्याचें पत्र वाचून बापलेकांचें जमत नव्हतें असें सर्व चरित्रकार लिहितात. त्यांत खोटें कांहीं नाहीं. मात्र कोल्स परगण्याच्या दप्तरांत त्याच्या दहा वर्षांपूर्वींचें, ऑक्टोबर १८४१ चें, एक खरेदीखत आहे. त्याअन्वयें अब्राहाम लिंकननें बापाची ४० एकर जमीन २०० डॉलर देऊन विकत घेतली, आणि बाप व सावत्र आई हयात असेतोंपर्यंत तिचा उपभोग त्यांचाच राहील असें लिहून दिलें.